पट्टा सहा तास उघडा असतो

पोशीरचे भिवाजी विरले सकाळी नवाच्या सुमाराला कळंबला कराळ्यांच्या दारात आले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला भाताचं तूस चिकटलेलं होतं. आदल्या दिवशी झोडणी करताना घातलेले कपडे त्यांनी बदललेच नव्हते. हातात चार कागद होते, घामाने मऊ पडलेले.

"मसाला कांडपाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, हेच घर. सुप्रिया कराळे म्हनजे तुमीच ना?"

सुप्रिया पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती. "हो, मीच. काय काम होतं, काका?"

भिवाजींनी कागद पुढे केले. वर ठळक अक्षरांत मथळा होता: ‘तेमारू बेटावर जाताय? या वीस गोष्टी लक्षात ठेवा.’ खाली तिचं नाव, कळंबचं नाव आणि छोटा फोटो. लेख तिचाच होता. पुण्यातल्या एका प्रवास कंपनीच्या संकेतस्थळासाठी ती घरी बसून लिहायची, त्याला चार वर्षं होत आली होती. दूरदूरच्या बेटांचं खातं तिच्याकडे होतं. बोटी कधी सुटतात, प्रवाळावर चालायला कसले बूट लागतात, वादळात अडकलात तर हाताशी दोन दिवस जादा का ठेवावेत, हे सगळं ती सोप्या मराठीत लिहायची. लोकांना ते आवडायचंही.

"माझी पोर तिथं गेलीय," भिवाजी म्हणाले. "माधवी. नेरळच्या शाळेत शिकवती. जावयाबरोबर गेलीय, दिवाळीच्या सुट्टीत. जाताना ह्ये कागद माझ्याकडं ठेवून गेली. बोलली, बाबा, आपल्या कळंबची बाई तिथं जाऊन आलीय, सगळं लिवून ठेवलंय तिनं, तुमी काळजी करू नका."

"बरं," सुप्रिया म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"काल पान्यात गेली ती."

सुप्रियाची सासू आनंदीबाई आत तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला.

"जावयाचा फोन आला काल सांजच्याला. एकच मिनिट बोलला न् फोन कट. ते वाळूवरनं पलीकडच्या बेटावर गेलेले. परत येताना पानी भरलं. साईराज कसातरी काठाला लागला. माधवी नाय लागली." भिवाजी हे सगळं एका सुरात बोलत होते, जणू दुसऱ्या कुणाचा निरोप सांगत असावेत. "तर मी म्हनलं, तुमालाच विचारावं. तुमी तिथं फिरलाय. मला एवडंच सांगा ताई, तिथलं पानी मानसाला न्हेतं ते कुठं न्हेतं? कुठं लावतं?"

सुप्रियाने कागद हातात घेतले. सातव्या सूचनेखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती. माधवीनेच मारली असणार. ‘ओहोटीच्या वेळी तेमारू आणि शेजारचं छोटं बेट यांच्यामध्ये वाळूचा पट्टा उघडा पडतो. त्यावरून रमतगमत चालत जा. पट्टा सहा तास उघडा असतो, त्यामुळे घाई करू नका. डबा सोबत घ्या.’

हे वाक्य लिहिल्याचं तिला आठवत होतं. एका इंग्रजी पानावर सहा तासांचा उल्लेख होता, दुसऱ्यावर वाळूच्या पट्ट्याचा. दोन्ही जोडून तिने हे लिहिलं होतं. त्या दिवशी आणखी दोन लेख द्यायचे होते.

आता तिने ते परत वाचलं. सहा तास म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत पाणी उतरायला लागणारा वेळ. पट्टा उघडा असणार तो पाणी सगळ्यात खाली असताना, मधला थोडा वेळ. ही गोष्ट अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यात ओहोटीला पायी जाणाऱ्यालाही कळते. ती स्वतः कॉलेजात असताना त्या किल्ल्यात गेली होती, आणि घोडागाडीवाला ओरडत होता म्हणून अर्ध्यातून परत फिरली होती. तरी लिहिताना तिला ते सुचलं नव्हतं.

"ताई?" भिवाजी म्हणाले.

आनंदीबाई दारात येऊन उभी राहिली होती. "आमची सुप्रिया कुठं गेलीय तिकडं…" असं ती म्हणू लागली.

"आई, पाणी आणा ना काकांना," सुप्रिया घाईने म्हणाली.

सासू तिच्याकडे बघत राहिली आणि मग आत गेली.

"तिथं पाणी उथळ असतं, काका," सुप्रियाच्या तोंडून निघालं. "मासेमारांच्या होड्या सारख्या फिरत असतात. कुणीतरी उचललं असेल तिला." यातलं काहीही तिला माहीत नव्हतं. पण भिवाजींच्या चेहऱ्यावर इतक्या वेळाने पहिल्यांदा काहीतरी हललं, आणि ते बघून तिला पुढे थांबता येईना. "लोक चांगले आहेत तिथले."

"व्हय?" भिवाजी म्हणाले आणि पडवीच्या कट्ट्यावर टेकले. "तुमी बोलला म्हनजे बरं वाटलं. न्हाय तर माझ्या डोळ्यांसमोर ते गावच येत नाय बघा. पोर कुठं हाय म्हनून डोळे मिटावं तर समोर नुस्ता अंधार. आता उथळ पानी म्हनलात, होड्या म्हनलात, तर काहीतरी दिसाया लागलं."

सुप्रियाला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

भिवाजी पाणी प्यायले नाहीत. तांब्या हातात धरून ते बोलत राहिले. माधवी त्यांची एकुलती एक. आई ती सातवीत असताना गेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि जावई साईराज नेरळला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. दोघांनी ठरवून हा प्रवास केला होता. "मला म्हनली, बाबा, पाच तास बोटीत बसायचंय. म्या म्हनलं, तुला पव्हता कुठं येतंय गं? तर हसली. म्हनली, आमी पव्हायला नाय जात, बघायला जातोय."

मग ते एकदम म्हणाले, "आपल्या पेज नदीला वीजघरातलं पानी सोडतात, तवा आपुन पाव्हन्यांना वरडत नाय का? निघा, वर या, पानी यायलंय म्हनून? मागल्या पावसाळ्याआधी मी सोता दोन पोरींला हाताला धरून खडकावरनं काढलंय. शिव्या दिल्या त्यांनी मला. तिथं कोनी वरडलं नसंल का ताई?"

सुप्रिया काही बोलण्याआधीच त्यांचा फोन वाजला.

लांबलचक नंबर होता. भिवाजींनी दोन्ही हातांनी फोन धरला, "हॅलो, हॅलो" म्हटलं, मग ऐकता ऐकता मान हलवली आणि फोन सुप्रियापुढे केला. "वकिलातीतनं हाय. हिंदीत बोलतायत. सकाळी त्यांना मी तुमचं सांगितलंय. बोला तुमी, तुमाला समजंल."

सुप्रियाने फोन कानाला लावला. पलीकडे एक बाई होत्या, त्या देशातल्या आपल्या वकिलातीतल्या अधिकारी. आवाज थकलेला, पण स्पष्ट.

"तुम्हीच तेमारूवर लेख लिहिलात ना? नीट ऐका. बेटावर पोलिसांची एकच बोट आहे. पहाटे त्यांनी छोट्या बेटाभोवती शोधलं, काही मिळालं नाही. आता दुसरी फेरी निघते आहे. डिझेल इतकंच आहे की एकाच बाजूला लांबवर जाता येईल. तिथले म्हातारे मासेमार म्हणताहेत दक्षिणेला जा. पण त्या मुलीचा नवरा ऐकत नाही. त्याने मोबाईलवर तुमचा लेख उघडलाय. त्यात लिहिलंय, प्रवाह उत्तरेकडे वाहतो, पोहणाऱ्यांनी काळजी घ्यावी. तो म्हणतो, उत्तरेलाच चला. रडतोय, बोट अडवून उभा आहे. तुम्ही स्वतः तिथे गेला आहात, म्हणून विचारते. तुम्ही प्रवाह पाहिलात का?"

अकरावी सूचना. सुप्रियाला तीही आठवली. ते वाक्य तेमारूबद्दल नव्हतंच. दुसऱ्या कुठल्यातरी बेटाच्या लेखातून तिने ते उचललं होतं, कारण या लेखात वीस सूचना भरत नव्हत्या.

समोर भिवाजी तिच्या तोंडाकडे बघत होते. दारात सासू उभी होती.

"हॅलो? बोट थांबलीय मॅडम."

"मी तिथे कधीच गेलेले नाही," सुप्रिया म्हणाली.

"काय?"

"मी गेलेले नाही. मी भारताबाहेर कधी पाऊलच टाकलं नाही. इकडून तिकडून वाचून लिहिलंय ते सगळं. उत्तरेचं चूक आहे. त्याला सांगा, लिहिणारी बाई स्वतः म्हणतेय चूक आहे. तिथले म्हातारे सांगतात तिकडेच जा. प्लीज, त्यांचंच ऐका."

मग त्या बाई म्हणाल्या, "तुमचा आवाज रेकॉर्ड करून त्याला ऐकवते. परत बोला." सुप्रियाने तेच परत म्हटलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. फोन बंद झाला.

हिंदी असली तरी भिवाजींना सगळं कळलं होतं. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. समोर बसलेला माणूस एकाएकी वेगळाच कुणीतरी निघाल्यावर आपण जसे बघतो, तसे ते बघत होते.

"मग मघाशी उथळ पानी म्हनलात ते?"

सुप्रियाने मान खाली घातली.

"न् होड्या?"

"मला माहीत नाही, काका."

"हितं छापलंय," त्यांनी शेवटचं पान उलटलं. तिथे तिच्या फोटोखाली एक ओळ होती: ‘चाळीसहून अधिक बेटांवर भटकंती केलेल्या लेखिका.’ "ह्ये कोनी लिवलं?"

"कंपनीनं."

"तुमी वाचलं नव्हतं?"

तिने वाचलं होतं. दोन वर्षांपूर्वी, ती ओळ पहिल्यांदा टाकली त्याच दिवशी. तिला हसू आलं होतं, थोडं बरंही वाटलं होतं. नवऱ्याला, ओमकारला, दाखवलं तेव्हा तोही हसला होता.

"वाचलं होतं," ती म्हणाली.

भिवाजी उठले. ते निघून जातील असं तिला वाटलं, पण ते अंगणात जाऊन तुळशीपाशी उभे राहिले. फोनला रेंज तिथेच चांगली येत होती. उन्हं चढत गेली. आनंदीबाईने चहा नेऊन दिला, तो त्यांनी कट्ट्यावर ठेवून दिला. "आत या भाऊ, सावलीला बसा," ती दोनदा म्हणाली. ते आले नाहीत. सुप्रिया पडवीत जागची हलली नाही. लॅपटॉपचा पडदा कधीच काळा झाला होता. ‘पुढचा लेख दुपारपर्यंत मिळेल ना?’ असा कंपनीचा मेसेज मोबाईलवर येऊन पडला होता, तो तिने उघडलाही नाही.

बाराला पाच कमी असताना फोन वाजला. भिवाजींनी तो कानाला लावला. "व्हय," म्हणाले. "व्हय, मीच." मग एकदम ते तुळशीच्या कट्ट्याला धरून मातीतच बसले. सुप्रियाच्या तोंडून किंकाळी निघाली. आनंदीबाई धावली.

"भाऊ! काय झालं? बोला ना!"

"हाय," भिवाजी म्हणाले. "हाय ती. जित्ती हाय."

माधवी दक्षिणेला सापडली होती, तेमारूपासून बरीच लांब. समुद्रात मासे धरायला तिथल्या लोकांनी खांब रोवून बांबूची माची बांधली होती, शेतात राखणीला बांधतो तशी. पाण्याने तिला तिथवर नेलं आणि तिने खांब धरला. ओढणीने स्वतःला बांधून घेऊन ती सगळा वेळ त्या माचीवर होती. बोट जवळ गेली तेव्हा तिला ओरडताही येत नव्हतं. बोट उत्तरेला गेली असती तर त्या दिवशी पुन्हा दक्षिणेला निघालीच नसती.

भिवाजींनी डोळे पुसले, आनंदीबाईला हात जोडले, चपला घातल्या आणि निघाले. सुप्रियाकडे त्यांनी पाहिलं नाही. ते चार कागद कट्ट्यावरच राहिले होते.

संध्याकाळी ओमकार खोपोलीच्या कारखान्यातून घरी आला. सगळं ऐकून म्हणाला, "अगं पण तू काय तिला ढकललंस का? वाचली ना ती? मग?" वाचली, हे खरं होतं. पण दुपारपासून सुप्रियाच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता, की तो लेख आजवर एकोणीस हजार लोकांनी उघडला होता.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या संपादकाला फोन करून झालेलं सगळं सांगितलं. ऋतिक नावाचा तिच्याहून लहान मुलगा होता, नेहमी गोड बोलायचा.

"ताई, लेख काढत नाही आपण, दुरुस्त करू. सहाचे दोन तास करून टाकू."

"दोन तास कशावरून?"

"मग एक करू."

"ऋतिक, आपल्याला माहीत नाहीये ते. तुलाही नाही आणि मलाही नाही. काढून टाक. आणि माझ्या नावाखालची ती ओळही काढ. मी कुठेही गेलेले नाही."

"ताई, एक बोलू? ती ओळ दोन वर्षं तिथे आहे. तुम्ही आजवर कधी काही म्हणाला नाहीत." आणि मग उत्साहाने म्हणाला, "बरं, ती मुलगी तुमच्याच भागातली आहे ना? परत आली की तिची मुलाखत मिळेल का? माचीवरची रात्र वगैरे. प्रचंड वाचतील लोक."

सुप्रियाने फोन ठेवला आणि त्याच दिवशी काम सोडल्याचं कळवलं. लेख निघाला तो आठ दिवसांनी, ओमकारने तिच्या सांगण्यावरून नोटीस पाठवायची भाषा केल्यावर. तोवर तो आणखी सात ठिकाणी उतरवला गेला होता. एका ठिकाणी लेखिकेचं नाव दुसरंच होतं, सहा तास मात्र तसेच होते. सुप्रिया रोज सकाळी बसून त्या सात ठिकाणी पत्रं पाठवायची. दोघांनी उत्तर दिलं.

माधवी आली ती डिसेंबरच्या मध्यावर. साईराजने तिला रिक्षातून कराळ्यांच्या दारात सोडलं, पण तो आत आला नाही. तिच्या दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या होत्या. प्रवाळाने कापलेलं चिघळलं होतं आणि तिकडच्या इस्पितळात बारा दिवस काढावे लागले होते. उजव्या हाताच्या मनगटावर ओढणीच्या गाठीचा काळा वळ अजून दिसत होता.

सुप्रियाने तिच्याशी काय काय बोलायचं ते मनात योजून ठेवलं होतं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. "बस," एवढंच ती म्हणाली.

माधवी बसली. "बाबांना सांगून नाही आले मी. त्यांना आवडलं नसतं." मग ती म्हणाली, "ताई, तुम्हाला दोष द्यायला नाही आले. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाहीये. साईराजला माहीत आहे, पण आम्ही त्यावर बोलत नाही."

"सांग."

"त्या दिवशी आम्ही वाळूवर उतरलो तेव्हा काठाला एक बाई होती. जाळं सुकवत होती. आम्हाला बघून ती उठली. हातवारे करायला लागली. आधी सूर्याकडे बोट दाखवलं, मग पाण्याकडे, मग हात असा गळ्यापर्यंत आणला." माधवीने स्वतःचा हात गळ्याशी नेला. "मला सगळं समजलं होतं ताई. मी मुलांना शिकवते, खुणा मला समजतात. ती म्हणत होती, लवकर परत या, पाणी इथपर्यंत येतं. माझा हातही धरला तिनं."

"मग?"

"मी हात सोडवून घेतला. साईराज थांबला होता, म्हणाला, विचारूया का कुणाला? मी त्याला म्हटलं, हिला होडी भाड्यानं द्यायची असेल, म्हणून घाबरवतेय. आपल्याकडे लिहिलेलं आहे. आपल्या माणसानं, आपल्या भाषेत लिहिलंय." ती थांबली. "ती मागून ओरडत होती. बराच वेळ ओरडत होती. मी मागे वळून टाटा केला तिला."

कुणी ओरडलं नसेल का, असं भिवाजींनी याच पडवीत बसून विचारलं होतं. ओरडलं होतं. आणि ओरडणाऱ्या त्या बाईपेक्षा सुप्रियाने न बघता लिहिलेली एक ओळ माधवीला खरी वाटली होती.

"बाबांना नाही सांगू शकत मी हे," माधवी म्हणाली. "ते पेजच्या खडकावरून पोरींना ओढून काढतात. त्यांच्या पोरीनं हे केलं."

आनंदीबाई आतून डोकावली आणि परत गेली.

"बोटीनं मला काठाला आणलं तेव्हा ती बाई तिथंच होती," माधवी पुन्हा बोलू लागली. "पहाटेपासून होती म्हणे. दक्षिणेला जा असं सांगणाऱ्या म्हाताऱ्यांतला एक तिचा बाप होता. तिनं मला पोटाशी धरलं आणि माझ्या पाठीत दोन धपाटे मारले. आई मारते तसे. मग रडायला लागली. मला तिचं नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही. इस्पितळात न्यायला तसंच उचलून बोटीत घातलं मला." तिने पिशवीतून एक वही काढली. "मला तिला पत्र पाठवायचंय. मी ते इंग्रजीत करून पाठवेन, आम्ही ज्याच्याकडे उतरलो होतो तो माणूस तिला वाचून दाखवेल, त्याच्या भाषेत करून. पण मी लिहायला बसले की हात थांबतो. तुम्ही लिहून द्याल का?"

"मला नाही गं येणार," सुप्रिया म्हणाली. "मी तिला बघितलं नाही."

"मी बघितलंय ना. मी सांगते."

सुप्रियाने वही पुढ्यात ओढली. पेन उघडून ती थांबली.

"किती वयाची होती?"

"आईच्या वयाची. म्हणजे आई आज असती तर तेवढी."

"आणि जाळं? सुकवत होती की विणत होती?"

माधवीने डोळे मिटले. आठवायला तिला वेळ लागला, आणि सुप्रियाने तो लागू दिला.

"सुकवत होती," माधवी म्हणाली. "दगडावर पसरून. थांबा हं, नीट सांगते."